सत्तावन्न, अठ्ठावन्न आणि फोनवरचा आवाज

संपादकांनी दिलेला विषय एका ओळीचा होता: कार्यालयात फोन लावल्यावर 'नमस्कार' म्हणणारा आवाज तयार कसा होतो, ते पाहून लिहा. त्यासाठी पुण्यातल्या पेठेत, जुन्या इमारतीतल्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन बसले. एका पतसंस्थेच्या फोनसाठी ध्वनिमुद्रण चाललं होतं. स्वागताचं वाक्य, 'कर्जासाठी एक दाबा, ठेवींसाठी दोन दाबा', कार्यालयाची वेळ, सुट्टीचा निरोप हे सगळं भराभर झालं. मग आवाज देणाऱ्या बाईंनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि समोरच्या स्टँडवर नवा कागद लावला. त्यावर शून्यापासून नव्याण्णवपर्यंतचे आकडे होते. उरलेली दुपार त्या एका कागदावर गेली.

स्वागताचं वाक्य अखंड असतं. ते जसं मुद्रित होतं, तसंच ऐकू येतं. पण 'आपला हप्ता दोन हजार चारशे सत्तावन्न रुपये आहे' हे वाक्य कुणीच कधी बोललेलं नसतं. खातेदाराचा आकडा पाहून यंत्र ते आयत्या वेळी रचतं. 'आपला हप्ता' ही एक फाइल, 'दोन' दुसरी, 'हजार' तिसरी, मग 'चारशे', 'सत्तावन्न' आणि शेवटी 'रुपये आहे'. हे तुकडे एकापाठोपाठ एक वाजतात. ऐकणाऱ्याला सांधा जाणवू नये यासाठी सगळा खटाटोप.

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. पॅरिसच्या वेधशाळेने फेब्रुवारी १९३३ मध्ये फोनवर वेळ सांगणारं बोलकं घड्याळ सुरू केलं. लंडनचं घड्याळ २४ जुलै १९३६ ला बोलू लागलं. त्याच्यासाठी टेलिफोन खात्याने आपल्याच ऑपरेटर मुलींमध्ये स्पर्धा घेतली, आणि व्हिक्टोरिया एक्स्चेंजमधल्या एथेल केन निवडून आल्या. त्यांचा आवाज काचेच्या चार तबकड्यांवर, चित्रपटाच्या ध्वनिपट्टीसारखा, उमटवलेला होता. तास वेगळे, मिनिटं वेगळी, सेकंद वेगळे. प्रकाशाचा झोत योग्य पट्टीवर पडला की तो तुकडा वाजायचा. आपल्याकडे रेल्वे स्थानकांवरच्या उद्घोषणांनी हीच पद्धत घरोघर पोचवली. गाडीचा क्रमांक, गावाचं नाव, फलाट हे सगळे सुटे तुकडे. मध्य रेल्वेच्या सरला चौधरी यांचा आवाज असा तुकड्यातुकड्यांनी देशभरच्या प्रवाशांच्या कानात बसला. कार्यालयांच्या फोनमध्ये मुद्रित स्वागत रुळू लागलं ते १९८० च्या सुमारास, अमेरिकेतल्या गॉर्डन मॅथ्यूज यांच्या व्हॉइसमेलबरोबर.

इतिहास एवढा पुरे. बाईंच्या समोरचा कागद जास्त बोलका होता.

इंग्रजीत शून्य ते नव्याण्णव म्हणायला अठ्ठावीस तुकडे पुरतात. शून्य ते एकोणीस हे वीस, आणि वीस, तीस, चाळीस असे आठ दशक. बाकीचे आकडे त्यांच्या जोडणीतून होतात. मराठीत जोडणी चालत नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव: यातला 'दोन' कुठे 'बा', कुठे 'बे', कुठे 'ब्या' आणि दशकही पुष्कळदा आतून बदललेला. त्यामुळे शंभरच्या शंभर शब्द स्वतंत्र बोलावे लागतात. वर शंभर आणि 'एकशे' यांचं नातं असं की नुसते शंभर रुपये असतील तर एक फाइल, एकशे एक असतील तर दुसरी. 'रुपया' एक, 'रुपये' निराळे. वेळ सांगायची तर सव्वा, साडे, पावणे, आणि साडेएक नाही तर दीड, साडेदोन नाही तर अडीच. या प्रत्येक अपवादासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेगळी अट घालावी लागते, आणि मराठी न येणाऱ्याने ती घातली तर फोन बिनदिक्कत 'साडेदोन' म्हणतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन दिलं गेलं, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं ते आठवत असेल. गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू समजावून सांगितली होती: लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे आकडे जड जातात. मुलांचा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही. पण 'वीस एक' म्हटलं असतं, तर यंत्राचंही अठ्ठावीस तुकड्यांत भागलं असतं. त्या दुपारी बाईंना शंभर आकडे म्हणताना ऐकलं, आणि हे शंभरही शब्द कुणीतरी नीट, पुरेपूर उच्चारून ठेवले पाहिजेत असं मला फार तीव्रतेने वाटलं.

शिवाय शंभर शब्दांचे प्रत्यक्षात तीनशे टेक होतात. आकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की सूर किंचित वर राहतो, मध्ये आला की सपाट, शेवटी आला की खाली उतरतो. एकाच सुरातला तुकडा सगळीकडे वापरला, तर दर दोन शब्दांनी वाक्य संपल्याचा भास होतो. बाई यासाठी एक सुंदर रीत वापरतात. त्या सुटा 'सत्तावन्न' कधीच म्हणत नाहीत. 'चारशे सत्तावन्न रुपये आहे' असं पूर्ण वाक्य बोलतात आणि रेकॉर्डिस्ट त्यातून हवा तो शब्द कापून घेतो. शब्द वाक्यातून उचललेला असल्यामुळे दुसऱ्या वाक्यात सामावतो. सगळी दुपार त्या उभ्या होत्या, कारण बसलं की श्वास अर्धा होतो. माइकपासूनचं अंतर वीतभर, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत हलू दिलं नाही. स्वागताचं वाक्य बोलताना चेहऱ्यावर हसू होतं. हसताना ओठ ताणले जातात, त्यामुळे आवाजाची घडण खरोखरच बदलते आणि न पाहणाऱ्यालाही ती कळते. आकड्यांच्या वेळी ते हसू त्यांनी बाजूला ठेवलं. थकबाकीचा आकडा हसत सांगायचा नसतो.

सत्तावन्नपाशी गाडी अडली. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून, "ताई, सत्तावन्न परत," असं कितीदा तरी म्हटलं. स्टुडिओच्या स्पीकरवर तो शब्द मला निर्दोष वाटत होता. मग त्याने तोच टेक फोनच्या दर्जाचा करून ऐकवला आणि अडचण लक्षात आली. साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. पुरुषी आवाजाचा मूळ खर्ज या पट्ट्याच्या खालीच राहतो. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो म्हणून चालतं. पण 'स'ची सळसळ प्रामुख्याने ४००० हर्ट्झच्या वर असते. तिथे फोनचं दार बंद. 'सत्तावन्न'मधला 'स' विरला की 'अत्तावन्न' उरतं, आणि ते 'अठ्ठावन्न'च्या अगदी शेजारी जाऊन बसतं. सत्तावीस-अठ्ठावीस, सदुसष्ट-अडुसष्ट, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी या सगळ्या जोड्यांचं तेच. सात आणि आठ यांच्यातला फरक जिथे सर्वांत महत्त्वाचा, तिथेच फोन तो खातो.

यावरचा इलाज यंत्रात फारसा नाही, तोंडात आहे. बाईंनी 'स' जोरात काढला नाही. तसं केलं की नुसती खरखर वाढते. त्यांनी 'त्त' कोरडा आणि घट्ट केला, आणि अठ्ठावन्नच्या वेळी 'ठ'मधला महाप्राण श्वासासकट मोकळा सोडला. म्हणजे 'स' गेला तरी त-ठ यांवरून आकडा ओळखू यावा. पुन्हा फोनच्या दर्जात ऐकलं. या वेळी दोन्ही आकडे वेगळे उभे राहिले. एवढ्या बारकाव्याचं कौशल्य मी एखाद्या गायिकेत शोधलं असतं, पतसंस्थेच्या फोनमध्ये कधीच नाही.

पण इतकी मेहनत सगळीकडे होत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. बहुतेक कार्यालयांत मराठी मजकूर इंग्रजीवरून उतरवलेला येतो. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वपूर्ण आहे, कृपया लाइनवर राहा' असं मराठी माणूस कधी बोलत नाही. तो 'थोडं थांबा, फोन जोडतो आहोत' म्हणतो. आवाज देणारा कितीही चांगला असला तरी असं वाक्य त्याच्या तोंडात बसत नाही. स्टुडिओचं भाडं नको म्हणून कार्यालयातच मुद्रण होतं, तेव्हा पंखा, एसी आणि रस्त्यावरचे हॉर्न त्या अरुंद पट्ट्यात नेमके टिकून राहतात. पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटाशी उभं राहून, मागे गोधडी टांगून घेतलेला टेक पुष्कळदा भपकेबाज केबिनमधल्या टेकपेक्षा चांगला निघतो. वाक्याच्या आधी क्षणभर शांतता सोडायचंही भान राहत नाही. मग फोन उचलला जाताना पहिलं अक्षर तुटतं आणि कानावर 'मस्कार' येतं.

आता अनेकजण मजकूर टाइप करून संगणकाच्या आवाजात वाचून घेतात. काम मिनिटात होतं, पैसे वाचतात, आकड्यांची जोडणीही आयती मिळते. पण आपली लिपी 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. 'चौकशी'तला च आणि 'चार'मधला च वेगळे. 'जोडत'मधला ज 'जीवन'मधल्या ज सारखा नाही. मराठी कान ते सहज ओळखतो. यंत्राने 'चौकशीसाठी चार दाबा' यातले दोन्ही च एकसारखे म्हटले की ऐकणाऱ्याला कळतं, समोर मराठीशी ओळख नसलेलं कुणीतरी आहे. हे दोष सुधारता येतील, पुष्कळ ठिकाणी सुधारतही आहेत. मात्र सुधारायला आधी ते कुणाला तरी खटकावे लागतात, आणि मराठी पर्याय स्वतः दाबून ऐकणारा अधिकारी कार्यालयात असावा लागतो.

दुसरी अडचण काळाची. दोन वर्षांनी पतसंस्था नवी शाखा उघडते, एक वाक्य वाढतं. तोवर बाईंचा आवाज थोडा बदललेला असतो, माइक दुसरा असतो, कधी त्या गावातच नसतात. जुन्या पन्नास वाक्यांत एक नवं वाक्य परकं वाटतं. म्हणून रेकॉर्डिस्ट दर कामाच्या शेवटी खोलीची नुसती शांतता मुद्रित करून ठेवतो आणि माइकचं अंतर, जागा, पट्टी वहीत टिपतो.

आणि फोनही बदलतोय. मोबाइलच्या व्होएलटीई कॉलमध्ये पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो. तिथे 'स' बराचसा परत येतो. पण कॉल वाटेत जुन्या यंत्रणेतून गेला की पुन्हा ३४०० वर येतो, त्यामुळे घट्ट 'त्त' अजून बरीच वर्षं लागणार आहे. ज्या कार्यालयांनी फक्त ८००० नमुन्यांच्या फाइल जपल्या, त्यांच्याकडचा 'स' कायमचा गेला. त्यांना सगळे शंभर आकडे नव्याने बोलवून घ्यावे लागतील. या स्टुडिओत मूळ मुद्रण ४८,००० नमुन्यांचं होतं. त्याची एक प्रत पतसंस्थेने मागून घ्यावी असं रेकॉर्डिस्टने बिलाखालीच लिहून दिलं.