परदेशी निघालेला रुपया
वाशीम जिल्ह्यातील यात्रेकरू आणि परकीय चलनाचा व्यवहार

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर उभे आहे. अशा जिल्ह्यात परकीय चलनाची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडेल. परंतु दरवर्षी हजच्या अर्जांचे दिवस आले की गावातील शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडे कागद घेऊन कोणी ना कोणी येतेच. पारपत्र मिळालेले असते, यात्रेचे हप्ते भरलेले असतात. मात्र आयुष्यभराच्या बचतीतून उरलेले चाळीस-पन्नास हजार रुपये परमुलखात कोणत्या रूपाने न्यावेत, हे ठाऊक नसते. याच वेळी कोणीतरी ‘चांगला भाव’ देणारा मध्यस्थ सुचवतो आणि तेथूनच अडचणीस प्रारंभ होतो.

दूरच्या प्रवासात रोकड जवळ न बाळगण्याची युक्ती या भूमीस नवीन नाही. कारंजा ही जुनी, नामांकित बाजारपेठ. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौजा तिच्यावर चालून आल्या, त्या तिच्या संपत्तीमुळेच. अशा पेठांतून चालणारा मोठा व्यापार हुंडीवर चाले. एका पेढीवर रक्कम भरावयाची आणि दुसऱ्या शहरातील पेढीवर चिठ्ठी दाखवून ती घ्यावयाची. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या मुदतीनंतर मिळणारी ती मुदती. आजच्या प्रवासी कार्डामागील तत्त्व फारसे वेगळे नाही. पेढीच्या पतीची जागा बँकेच्या पतीने घेतली, इतकेच.

हजयात्रेच्या संदर्भात या प्रश्नाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपया इराणच्या आखातातील अनेक लहान राज्यांत नित्याच्या व्यवहाराचे चलन होता. सोन्याचे व्यापारी या सोयीचा गैरफायदा घेत. सोने चोरट्या मार्गाने भारतात यावयाचे, त्याच्या मोबदल्यात नोटा आखातात जावयाच्या आणि तेथून त्या पौंडांत बदलून घेण्यासाठी परत यावयाच्या. देशाच्या परकीय गंगाजळीवर याचा ताण पडू लागला. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. त्याच सुमारास हजयात्रेकरूंसाठीही दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांवर ‘हज’ असा शब्द छापलेला असे आणि क्रमांकापूर्वी वेगळी अक्षरे असत. भारतातील बाजारात या नोटा चालत नसत. यात्रेकरूने त्या सौदी अरेबियात नेऊन रियाल घ्यावेत, एवढाच त्यांचा उपयोग. नोट चोरवाटेने फिरू नये आणि यात्रेकरूचीही अडवणूक होऊ नये, असा दुहेरी हेतू त्यामागे होता.

सौदी अरेबियाचा अनुभवही याला जुळणारा आहे. १९५२ साली तेथे मध्यवर्ती चलनसंस्था स्थापन झाली, त्या वेळी व्यवहार चांदीच्या रियालांत होत. थैल्याच्या थैल्या वाहून नेणे यात्रेकरूंना जड जाई. तेव्हा १९५३ साली त्या संस्थेने ‘हाजींच्या पावत्या’ काढल्या. त्या इतक्या सोयीच्या ठरल्या की यात्रेशी संबंध नसलेले लोकही त्या वापरू लागले आणि त्या देशातील कागदी चलनाची सुरुवात अशा रीतीने यात्रेकरूंच्या पायवाटेने झाली.

पुढे आखाती राज्यांनी स्वतःची चलने काढली. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर कतार व दुबई यांनीही रुपया सोडला आणि ओमानने १९७० मध्ये. हजच्या खास नोटाही कालांतराने इतिहासजमा झाल्या. आज त्या नाणीसंग्राहकांच्या संग्रहातच आढळतात. मुंबईहून जेद्दाला जाणारा समुद्रमार्गही १९९५ नंतर बंद झाला.

दरम्यान कायद्याची दिशा पालटली. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा मुख्यतः निर्बंध घालणारा होता. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून अमलात आला आणि नियमनाऐवजी व्यवस्थापन हा शब्द आला. निवासी भारतीय व्यक्तीला प्रवास, शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी बाहेर पैसे पाठविण्याची मुभा २००४ साली वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत होती. २०१५ पासून ती आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर चीनने आपल्या नागरिकांसाठी २००७ पासून वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा ठेवली आहे. आपल्या जिल्ह्यातील सामान्य यात्रेकरूला यांपैकी कोणतीही मर्यादा आड येत नाही. त्याची अडचण आहे ती माहितीची.

समितीमार्फत जाणाऱ्या हजयात्रेकरूचा विमानप्रवास व निवास यांचा खर्च तो रुपयांत, हप्त्याहप्त्याने, निघण्यापूर्वीच भरतो. म्हणजे रियाल लागतात ते जेवणखाण, किरकोळ प्रवास, औषधे आणि घरच्यांसाठी घ्यावयाच्या वस्तूंपुरते. पूर्वी हज समिती निघतेवेळी प्रत्येकास २,१०० रियाल देत असे व त्याची किंमत हप्त्यातच धरलेली असे. २०२३ च्या यात्रेपासून ही सक्ती काढून घेण्यात आली आणि गरजेपुरते रियाल स्वतः घेण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली तशी जबाबदारीही आली, आणि गावपातळीवर मार्गदर्शनाची खरी निकड येथूनच उत्पन्न झाली आहे.

दराचे गणित अवघड नाही. सौदी रियालची किंमत १९८६ पासून डॉलरला ३.७५ रियाल अशी बांधलेली आहे. डॉलर ९० रुपयांना आहे असे धरले, तर ९० ला ३.७५ ने भागून रियालचा मूळ दर २४ रुपये येतो. बँक मात्र विकताना थोडा अधिक व परत घेताना थोडा कमी दर लावते. समजा, विक्रीचा दर २४.६० आणि खरेदीचा २३.४० आहे. २,००० रियालना ४९,२०० रुपये पडतील. त्यांतील ८०० रियाल उरले व परत दिले, तर १९,६८० रुपयांच्या मालाचे १८,७२० रुपयेच हाती येतील. म्हणजे ९६० रुपये केवळ जास्त रियाल घेतल्यामुळे गेले. हे दर हिशेब उमगावा एवढ्यासाठीच घेतले आहेत. पण मूळ दर काढता येऊ लागला की कोण किती जादा आकारतो, हे प्रत्येकाला पडताळून पाहता येते.

चलन रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक अथवा अधिकृत चलन-विक्रेता यांच्याकडूनच घ्यावे. बँकेच्या प्रत्येक शाखेत रियाल ठेवलेले नसतात. लहान शाखेस ते मोठ्या शाखेकडून मागवावे लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा दोन आठवडे आधी चौकशी करणे इष्ट. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे चलन रोख रुपये देऊन मिळत नाही. ती रक्कम खात्यातूनच द्यावी लागते. सर्वसाधारण प्रवाशास एका प्रवासात ३,००० डॉलरइतक्याच परकीय नोटा रोख नेता येतात व उरलेली रक्कम कार्डाच्या रूपाने न्यावी लागते. हज व उमरा यांसाठी या मर्यादेत सवलत आहे. बाहेर रक्कम पाठविण्यावरील कर-संकलनाचे दर अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे ते त्या त्या वेळी शाखेतच विचारावेत.

आगाऊ रक्कम भरलेले प्रवासी कार्ड वृद्धांस अनोळखी वाटते. तथापि गर्दीत हरवलेली नोट परत येत नाही आणि हरवलेले कार्ड बंद करता येते. कार्डाचा गुप्त क्रमांक त्याच पाकिटात लिहून ठेवण्याची खोड मात्र सोडावी लागते. साधे रुपयांचे कार्ड वापरणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. परदेशातील दुकानातील यंत्र कधी कधी ‘रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात’ असे विचारते. रुपये पाहून बरे वाटते, परंतु तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरविलेला व बहुधा महाग असतो. स्थानिक चलनच निवडावे.

पशुपतिनाथ किंवा मुक्तिनाथास जाणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून भारतीय रुपयास १.६० असा स्थिर आहे. शंभर व त्याखालील भारतीय नोटा नेपाळमध्ये नेण्यास आपल्याकडून मर्यादा नाही. त्याहून मोठ्या नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. मोठ्या नोटांविषयी नेपाळचा स्वतःचा नियमही असतो. तो निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

आता त्या मध्यस्थाविषयी. ‘येथे रुपये द्या, तेथे माझा माणूस रियाल देईल’ हा हवाल्याचा व्यवहार होय आणि तो १९९९ च्या कायद्याने बेकायदेशीर आहे. हुंडीचे नाव सांगून कित्येक जण त्याचे समर्थन करतात. परंतु हुंडीस कागद होता व पेढीस नाव होते. हवाल्यात पावती नसते. तेथील माणूस भेटला नाही, तर साठ-सत्तर वर्षांच्या हाजीने परक्या शहरात कोणाकडे दाद मागावी? गाऱ्हाणे केले तर स्वतःचाही गुन्हा उघड होतो, म्हणून अशी फसवणूक बहुधा घराबाहेरही पडत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचविण्याच्या मोहापायी सारी शिल्लक पणास लावली जाते, हे अर्ज भरून देणाऱ्याने त्याच बैठकीत स्पष्ट सांगितले पाहिजे.

चलन घेतल्याची पावती यात्रा संपेपर्यंत जपावी. परत देताना ती उपयोगी पडते. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावयाचे असते, मात्र २,००० डॉलरइतके पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. चलन-विक्रेते बहुधा नोटाच घेतात, नाणी घेत नाहीत. म्हणून खिशातील हलाला विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच खजूर किंवा चहावर खर्चून टाकावेत.