घराची अनुज्ञा

निगडी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील जैन व्यापारी घरांतून मुलगा किंवा मुलगी परदेशी निघणे ही आता नवलाई उरलेली नाही. शिक्षणासाठी गेलेल्याचा खर्च आणि नोकरीसाठी गेलेल्याचा पगार वडीलधाऱ्यांना वहीत मांडता येतो. परंतु घरातील नात जर म्हणाली, ‘मी एक वर्ष परदेशातील वृद्धाश्रमात सेवेला जाते,’ तर आजोबांचा पहिला प्रश्न असतो, ‘पगार किती?’ राहणे, जेवणे आणि थोडा हातखर्च, हे उत्तर ऐकून घर क्षणभर गप्प होते. मग दुसरा प्रश्न येतो, ‘सेवाच करायची, तर इथे काय कमी आहे?’

हे प्रश्न हसून उडवून लावण्याजोगे नाहीत. सेवेला जाणारी व्यक्ती एक असली, तरी तिचे मोल सारे घर मोजते. दुकानावर एक हात कमी होतो, आजारी आजीजवळचे एक माणूस कमी होते, विवाहाची बोलणी वर्षभर पुढे जातात. म्हणूनच अशा प्रस्थानाची खरी तयारी बॅग भरण्याच्या कितीतरी आधी, घराच्या अनुज्ञेपासून सुरू होते.

जैन परंपरेला ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आजही माता-पित्यांच्या आज्ञेवाचून गुरुजन दीक्षा देत नाहीत. श्वेतांबर परंपरेतील चरित्रानुसार वर्धमानांनी माता-पिता हयात असेतो गृहत्याग न करण्याचा निश्चय केला होता. त्यांच्या पश्चात थोरले बंधू नंदिवर्धन यांच्या विनंतीवरून ते आणखी दोन वर्षे घरी राहिले, वर्षभर दान दिले आणि ३० व्या वर्षी बाहेर पडले. ज्यांना सर्वस्वाचा त्याग करायचा होता, त्यांनीही घराच्या दुःखाला अवधी दिला. वर्षभरासाठी सेवेला निघणाऱ्याने तर तो द्यायलाच हवा.

सेवेसाठी दूर गेलेल्यांची उदाहरणे याच मातीत आहेत. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील चासकमान येथे १९३७ साली कटारिया कुटुंबात जन्मलेली शकुंतला पुढे आचार्य चंदनाजी म्हणून ओळखली गेली. त्यांनी सेवेसाठी क्षेत्र निवडले ते बिहारमधील राजगीर. १९७३ साली तेथे वीरायतन उभे राहिले. चासकमानमध्ये करण्याजोगे काही नव्हते म्हणून त्या दूर गेल्या, असे कोण म्हणेल? जेथे गरज अधिक आणि पोहोचणारे हात थोडे, तेथे जाणे हेही सेवेचेच गणित आहे.

देशाची सीमा ओलांडून गेलेल्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण घेऊन ते पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेस वैद्यकीय पथक पाठवणार, हे कळताच त्यांनी नाव दिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा कोटणीस २७ वर्षांचे होते. चीनमध्ये असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ते परतले नाहीत. हाती घेतलेले काम त्यांनी पुढे चालू ठेवले. तेथेच विवाह केला, बेथ्यून रुग्णालयाची धुरा सांभाळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच देह ठेवला. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले.

कोटणीसांचा निर्णय हा कोणावर लादण्याचा आदर्श नव्हे. त्यांच्या जीवनातून एक प्रश्न मात्र प्रत्येक घराने उचलावा: पाठीमागे कोणी गंभीर आजारी पडले किंवा गेले, तर दूर गेलेल्याने काय करावे? तत्काळ परतावे, की काम पुरे करावे? परतायचे तर तिकिटाचे पैसे कोठून येतील? हा विषय अशुभ मानून टाळला जातो. पण विमानतळावर निरोप देऊन झाल्यावर तो काढण्यापेक्षा घरच्या बैठकीत, शांतपणे, आजी-आजोबांसमोर काढलेला बरा.

उरलेली तयारी व्यापारी घराला नवी नाही. नव्या पार्टीला उधारी देण्यापूर्वी बाजारात तिची पत विचारली जाते. तशीच बोलावणाऱ्या संस्थेची पत विचारावी. ती नोंदणीकृत आहे काय, काम नेमके कोणते, राहणे-जेवणे आणि आरोग्य विमा कोणाकडे, सेवेच्या नावाखाली मोठी रक्कम आगाऊ मागितली जाते काय, हे सारे लेखी घ्यावे. उदाहरणार्थ, जर्मनीत २०११ पासून सरकारी स्वयंसेवा योजना आहे. तीत रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था अशा ठिकाणी बहुधा १२ महिने काम करावे लागते आणि हातखर्चापुरती रक्कम मिळते. अशा ठिकाणी जाणाऱ्याला भाषा आलीच पाहिजे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या चाकणमधील कारखान्यांमुळे या पट्ट्यात जर्मन भाषा नोकरीची भाषा म्हणून शिकली जाते. तीच परक्या वृद्धाची विचारपूस करण्यास उपयोगी पडू शकते.

आहाराचा विचारही आधीच व्हावा. बर्लिनमध्ये जूनमधला सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास, तर डिसेंबरमधला दुपारी चारच्या आसपास होतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला हिवाळ्यात संध्याकाळचे जेवण चारपूर्वी उरकावे लागेल. संस्थेच्या कामाच्या वेळेत ते बसेल काय, हे अगोदर विचारावे. खाकऱ्यांचे डबे काही आठवडे पुरतील, वर्षभर नाही. म्हणून कंदमूळ टाळून चार पदार्थ स्वतः रांधता येणे, हे निघणाऱ्या मुलानेही, केवळ मुलीनेच नव्हे, शिकून घ्यावे. कोणता नियम अबाधित ठेवायचा आणि कोठे सवलत घ्यायची, हे गुरुजनांशी बोलून ठरवले, तर परक्या ठिकाणी मन द्विधा होत नाही.

शेवटी उरते ती क्षमापना. संवत्सरीची वाट न पाहता, निघण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला, दुकानातील नोकरांना, ज्यांच्याशी अबोला धरला त्या काका-काकूंना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणावे. कोणाचे देणे बाकी असेल तर ते फेडावे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात मांगलिक ऐकताना आजोबा शेजारी बसले असतील, आणि पगाराचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही, तर घराची अनुज्ञा मिळाली असे समजावे.