कुर्ट हान : समुद्रावरचा वर्ग
बर्लिनमध्ये १८८६ साली जन्मलेल्या हान यांनी १९२० मध्ये बाडेनच्या राजघराण्यातल्या प्रिन्स मॅक्स यांच्या साथीने जर्मनीत सालेमची शाळा काढली. १९३२ मध्ये एका कामगाराच्या नाझी मारेकऱ्यांची हिटलरने पाठराखण केली, तेव्हा हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र धाडून बजावलं : सालेम किंवा हिटलर, एकाचीच निवड करा. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्यांनी ब्रिटन गाठलं. तिथे १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली, १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज. या कॉलेजात देशोदेशीची मुलं अभ्यास सांभाळून बचावनौकेवर ड्यूटी करत. टणक बुडाची, हवा भरलेल्या काठांची बोट तिथल्याच धडपडीतून घडली. गुणपत्रिकेत न मावणारं हे शिक्षणच खरं मोलाचं. अटलांटिक कॉलेजच्याच परिवारातलं महिंद्रा कॉलेज १९९७ पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे.