नित्याचे विज्ञान : ओल्या केसांत फणी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीची बस गाठण्याच्या घाईत, न्हालेले केस पंचाने खसाखसा पुसून, ओल्यातच फणी घालून घट्ट अंबाडा बांधण्याचा रिवाज पुष्कळ घरांत आढळतो. आणि फणीत आलेल्या गुंतवळाचा दोष बोअरच्या जड पाण्याच्या माथी बिनदिक्कत मारला जातो. त्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून केसांवर चिकट थर बसवतात, हे खरे. पण माझ्या मते मुख्य गुन्हेगार फणीच.

केसाचे बाह्य आवरण कौलारू छपराप्रमाणे एकावर एक रचलेल्या सूक्ष्म खवल्यांचे असून त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. आतील केराटिन या प्रथिनाचे धागे ज्या नाजूक बंधांनी परस्परांस धरून असतात, त्यांपैकी पुष्कळसे पाणी शिरताच सुटतात. केस फुगतो, खवले उचलले जातात, आणि कोरडेपणी सहज सोसला असता त्याच ताणाने तो लांबत जाऊन तुटतो. वाळल्यावर बंध पुन्हा जुळतात; उचकटलेले खवले मात्र नाही, कारण त्वचेबाहेरचा केस निर्जीव, त्याची डागडुजी शरीराच्या अखत्यारीत नसते.

यास्तव पाणी नुसते टिपून, केस जवळजवळ वाळल्यावर, रुंद दातांच्या फणीने शेंड्यांकडून मुळांकडे सरकत गुंता सोडवावा. दाट कुरळे केस तेवढे अपवाद, ते ओलसरच विंचरलेले बरे. घट्ट अंबाड्याचे प्रकरण निराळे : त्याचा रोजचा ताण थेट मुळांवर पडतो, आणि वर्षानुवर्षे चालल्यास कपाळाकाठचे केस कायमचे विरळ होऊ शकतात.