विज्ञान महाविद्यालय ते पंतप्रधान कार्यालय

मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. डब्लिनमधील ज्या वास्तूतून त्यांनी देशाचा कारभार पाहिला, तेथे १९८९पर्यंत अभियांत्रिकीचे वर्ग भरत असत.

अपर मेरियन स्ट्रीटवरील ही इमारत 'रॉयल कॉलेज ऑफ सायन्स'साठी उभारण्यात आली. वास्तुविशारद होते सर ॲस्टन वेब आणि टॉमस मॅनली डीन. १९०४मध्ये सातव्या एडवर्डच्या हस्ते पायाभरणी झाली. जुलै १९११मध्ये पंचम जॉर्जने महाविद्यालयाचे उद्घाटन केले. त्याच वर्षी डिसेंबरात हा सम्राट मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. डब्लिनमधील संपूर्ण बांधकाम पुरे व्हायला मात्र १९२२ साल उजाडले आणि ही वास्तू स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारकडे आली. महाविद्यालय १९२६मध्ये 'युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन'मध्ये विलीन झाले.

विशेष म्हणजे, मूळ आराखड्यातच रस्त्याकडील बाजूस सरकारी खात्यांची दालने आणि अंगणापलीकडे घुमटाखाली महाविद्यालय अशी विभागणी होती. त्यामुळे अभियांत्रिकी विभाग बेलफिल्डला हलताच, शेजारच्या सरकारी कचेऱ्यांचा विस्तार तेथे होणे स्वाभाविक होते.

तत्कालीन पंतप्रधान चार्ल्स हॉही यांनी हे काम हाती घेतले. बाह्यरूप कायम ठेवून वर्ग व प्रयोगशाळांच्या जागी आधुनिक कार्यालये साकारली. इव्ही होन यांनी १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी घडविलेली रंगीत काचांची खिडकीही तेथे बसविण्यात आली. मात्र ते दिवस काटकसरीचे होते. आरोग्यसेवेच्या खर्चाला कात्री लागत असताना कार्यालयावर कोट्यवधी उधळल्याची टीका झाली. ताजमहालाच्या चालीवर लोकांनी इमारतीचे नामकरण केले 'चॅझ महाल'!

टीका विरली, वास्तू टिकली. अशा रूपांतरात खरी कसोटी दर्शनी भाग राखण्याची नसते. इमारतीला रोजचा वापर मिळवून देण्याची असते. कुलूपबंद वास्तू पावसापाण्यात खचते, वापरातली जपली जाते. परंतु त्याची किंमतही असते. ज्या दारातून विद्यार्थी मुक्तपणे ये-जा करीत, तेथे आता पहारा आहे. प्रवेशद्वारापाशी रॉबर्ट बॉइल आणि विल्यम रोवन हॅमिल्टन या शास्त्रज्ञांचे पुतळे तेवढे जुनी ओळख सांगत उभे आहेत.