चढा आवाज म्हणजे राग नव्हे

तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांत मांगेली, वाडवळी, वारली बोलणारे स्थानिक आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार एकाच पाळीत काम करतात. अशा ठिकाणी ‘तो माझ्यावर खेकसला’ असा ग्रह चटकन होतो आणि माणसे विनाकारण दुरावतात. म्हणून सुरातली भावना आपण नेमकी कशी ओळखतो, हे समजून घ्यायला हवे.

गैरसमज १ : मोठ्याने बोलणारा रागावलेलाच असतो.
वस्तुस्थिती : भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी हे १९११ मध्ये नोंदवले. बोईसरच्या कारखान्यातल्या कंप्रेसरजवळ काय किंवा सातपाटीत बोटीच्या इंजिनाशेजारी काय, हेच घडते. शिवाय संतापात आणि अत्यानंदात, दोन्ही वेळा आवाज चढतो, बोलण्याचा वेग वाढतो. भावना किती तीव्र आहे ते सुरावरून लवकर कळते. ती कोणती, हे ठरवायला शब्द, चेहरा आणि प्रसंगही पाहावा लागतो.

गैरसमज २ : भाषा परकी असेल तर भावना कळत नाही.
वस्तुस्थिती : क्लाउस शेरर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मन कलाकारांनी म्हटलेली अर्थहीन वाक्ये नऊ देशांतल्या लोकांना ऐकवली होती. सरासरी ६६ टक्के उत्तरे बरोबर आली. जर्मनीत ७४, इंडोनेशियात ५२. म्हणजे परक्या भाषेतली भावनाही बऱ्यापैकी कळते, पण ओळखीच्या बोलीत कान अधिक तयार असतो.

गैरसमज ३ : बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो.
वस्तुस्थिती : हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरेच, तेव्हा बोलणाऱ्याची आवड-नावड लोक कशावरून ठरवतात, एवढेच त्यात तपासले होते. सगळ्या संभाषणाला तो लावता येत नाही. सुरक्षेची सूचना देताना तर शब्दच महत्त्वाचे.

गैरसमज ४ : अनुभवी कानाला खोटे बोलणे लगेच कळते.
वस्तुस्थिती : अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतात, नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे. भीतीने कापणारा आवाज खरे बोलणाऱ्याचाही असू शकतो.

सूर ही खूण आहे, निकाल नव्हे. सहकाऱ्याचा आवाज खटकला तर यंत्राच्या आवाजापासून दूर जा आणि ‘काय झालं?’ असे त्यालाच विचारा. त्याचे उत्तर ऐकल्याशिवाय मत बनवू नका.