टपाल-सर्व्हर आणि नामनिर्देशिका

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर असलेले शोळिंगनल्लूर हे आज संगणक-कंपन्यांचे ठाणे आहे. तेथील एखाद्या मोठ्या कंपनीच्या कचेरीतून पुण्याच्या सहकाऱ्यास ई-पत्र निघते, तेव्हा ते वाहून नेणाऱ्या टपाल-सर्व्हरजवळ त्या सहकाऱ्याची माहिती बहुधा नसते. ती निर्देशिका-सर्व्हरकडे असते. साहजिकच पहिला प्रश्न असा की, ही निर्देशिका शोधावी कोठे?

तिचा पत्ता आधीच लिहून ठेवता येतो. परंतु यंत्र बदलले की तो निरर्थक ठरतो. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजसारखी व्यवस्था जाळ्यातील डीएनएस या नामसेवेस विचारते. तेथे यंत्रांप्रमाणे सेवांचीही नोंद असते. उत्तरात यंत्राचे नाव, पोर्टचा क्रमांक, अग्रक्रम आणि भार मिळतात. अग्रक्रमाचा आकडा जितका लहान, तितका मान मोठा. समान अग्रक्रमाच्या यंत्रांत भारानुसार काम वाटले जाते. शिवाय स्थळवार नोंदी असल्यामुळे शोळिंगनल्लूरचे यंत्र जवळची निर्देशिका सोडून सहसा दूरची गाठत नाही. एक निर्देशिका आपल्या डोमेनची संपूर्ण माहिती ३८९ या पोर्टवर देते. दुसरी सर्व डोमेनांतील नोंदींचा निवडक अंश ३२६८ वर देते. पत्ता जुळविणे, टपालपेटी कोणत्या यंत्रावर आहे हे पाहणे, गटातील सदस्यांची नावे उलगडणे, ही कामे त्यांच्या आधारे होतात. सर्वच निर्देशिका मूक झाल्या, तर पत्रे रांगेत तिष्ठत राहतात.

भाषाभ्यासकाचे कुतूहल मात्र नोंदीतील नावापाशी जागे होते. १९८८ च्या एक्स ५०० या प्रमाणातील ‘व्यक्ती’ या वर्गात आडनाव अनिवार्य आहे, आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एल्डॅपच्या परंपरेने ते पुढे चालविले. तमिळ माणूस बहुधा आडनाव लावीतच नाही. पित्याच्या नावाचे आद्याक्षर त्याला पुरते. मग तो रकाना कधी आद्याक्षराने, कधी पित्याच्या नावाने भरावा लागतो. मायक्रोसॉफ्टने ही सक्ती काढली, रकाना मात्र राहिला. मराठी नावाचे त्रांगडे निराळे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी माणूस रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ने आरंभितो, चेन्नईचा सहकारी ते ‘जी-एन’खाली शोधू जातो आणि सूची निरुत्तर राहते. अंदाजे जुळणीची सोय प्रमाणात आहे खरी, पण ‘अंदाजे’ म्हणजे काय, हे ज्या त्या सर्व्हरवर सोपविलेले आहे. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून निर्देशिकेत देवनागरी वा तमिळ नाव ठेवता येते. टपालपत्त्यात मात्र रोमनेतर लिपीस २०१२ च्या प्रमाणाने वाट मिळाली, आणि तीही वाटेवरील प्रत्येक सर्व्हरने ते प्रमाण मानले तरच.